चिलखतातली भाऊबीज

माझ्या नवऱ्याला सरदार व्हायचं होतं. आपल्याकडचा नव्हे, आपल्याकडच्या सरदाराला निदान घोड्यावर बसता यावं लागतं. त्याला व्हायचं होतं युरोपातल्या मध्ययुगीन दंतकथांमधला लोखंडी सरदार, इंग्रजीत ज्याला नाइट म्हणतात तो. नाव संग्राम, शिक्षण मेकॅनिकल, नोकरी एका गाड्यांच्या कंपनीत दारांचे पत्रे डिझाइन करायची, घर मिशिगनमध्ये ट्रॉयला. पत्र्यातलं कळत असल्यामुळे त्याने दोन हिवाळे आमच्या गॅरेजमध्ये ठोकाठोक करून स्वतःच्या मापाचं चिलखत बनवलं. तेव्हापासून माझी गाडी बाहेर बर्फात उभी असते.

उन्हाळ्यात तासाभराच्या अंतरावर एक जुन्या काळाची जत्रा भरते. अमेरिकन लोक तिथे झगे घालून फिरतात, टर्कीच्या तंगड्या चावतात आणि खोट्या तलवारींनी खरंखुरं लढतात. आमचे सरदार दर शनिवारी तिथे. मी एकदाच गेले. भर उन्हात एका दंतवैद्याने त्याला चिखलात आडवा पाडला, आणि हा उठून त्या दंतवैद्यापुढे लवून म्हणाला, "सरदार हरतो, सरदाराचा शब्द हरत नाही." परत येताना गाडीत तो मला सांगत होता की हल्ली दिलेला शब्द पाळणारी माणसंच उरलेली नाहीत. आमची एक्झिट येईपर्यंत हेच चालू होतं.

त्याची धाकटी बहीण राधिका ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत होती, आणि शिकवायची काय, तर याच सरदारांच्या दंतकथा. भाऊ पत्रा ठोकणारा, बहीण पोथ्या वाचणारी. तिने लग्न केलं नव्हतं. जिभेला धार होती, आणि ती पहिल्यांदा चालायची भावावर.

"दादा, सिरियसली, तुझे नाइट्स असे नव्हते रे," ती म्हणायची. "गोष्टींमध्ये ते ढसाढसा रडतात. वाईट बातमी आली की धाडकन बेशुद्ध पडतात. रुसून जंगलात जातात आणि कपडे काढून फिरतात. एक वर्षात येतो म्हणून बायकोला सांगतात आणि खेळाच्या नादात तिला चक्क विसरतात."

जुन्या पोथ्यांच्या कडेला चित्रकारांनी काढलेली चित्रं ती दाखवायची. अंगभर लोखंड घातलेला सरदार, समोर एक गोगलगाय, आणि सरदाराने तलवार टाकून हात जोडलेले. हे काय म्हणून काढलं असेल, ते शेकडो वर्षांनी अजून कुणाला नीट सांगता येत नाही म्हणे. तसलं एक चित्र तिने फ्रेम करून संग्रामला वाढदिवसाला दिलं. त्याने ते बेसमेंटमध्ये फर्नेसच्या मागे ठेवलं.

मला राधिका आवडायची का? खरं सांगायचं तर नाही. मी पुण्याची सिव्हिल इंजिनियर. लग्न करून इथे आले आणि डिपेंडंट व्हिसावर बारा वर्षं घरी बसले, कारण त्या व्हिसावर तेव्हा कामच करता येत नसे. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी तोंड उघडायच्या आत राधिका म्हणाली, "मृणालवहिनी घर बघते." तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण नणंद ती नणंदच. ते वाक्य मी जपून ठेवलं.

आमच्याकडे भाऊबीज दिवाळीनंतरच्या शनिवारी, म्हणजे सगळ्यांना सुट्टी असते तेव्हा. ट्रॉयमधली तीस-पस्तीस मराठी माणसं जेवायला यायची, कारण आमच्याकडे तमाशा असायचा. संग्राम चिलखत घालून उभा. गुडघ्यावर लोखंड असल्याने पाटावर मांडी घालून बसता येत नाही, म्हणून एक गुडघा टेकून बसणार. राधिका ओवाळणार. ओवाळून झालं की हा छातीच्या पत्र्यावर मूठ आपटून म्हणणार, "माग राधे, काय हवं ते माग. सरदाराचा शब्द!"

ती काहीबाही मागायची. बर्फातले टायर. पुस्तकांची मांडणी. एका वर्षी म्हणाली, "वहिनीला तिचं गॅरेज परत दे." सगळे खो खो हसले, टाळ्या वाजल्या, मीही हसले. टायर आले, मांडणी आली, गॅरेज काही मिळालं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना एक गोष्ट सांगितली. "या लोकांची सगळ्यात विअर्ड सवय सांगू? ते न ऐकताच शब्द देतात. दरबारात एखादी मुलगी येते, म्हणते, मला एक वर द्या, काय ते मागून सांगेन. आणि सरदार म्हणतो, दिला! टर्म्स अँड कंडिशन्स न वाचता साइन."

"आणि मग ती काय मागते?" गुरुनाथकाकांनी विचारलं. काका म्हणजे आमच्या मंडळाचे सगळ्यात ज्येष्ठ. सत्तरच्या दशकात आलेले, रिटायर्ड इंजिनियर, कुणाच्याही घरी बारसं असो की भांडण, मधोमध काका.

"एका गोष्टीत ती म्हणते, ज्या म्हाताऱ्या कारभाऱ्याने तुला लहानाचं मोठं केलं, त्याचं डोकं दे. सरदार खूप रडतो. म्हाताऱ्याचे पाय धुतो. आणि डोकं उतरवून ताटात घालून देतो. दरबार म्हणतो, वा, याला म्हणतात शब्द! संपली गोष्ट. त्या म्हाताऱ्याला गोष्टीत साधं नावसुद्धा नाही, काका."

"पण शब्द पाळला की नाही?" संग्राम म्हणाला.

"पाळला ना. दुसऱ्याच्या मानेवर." राधिका हसत होती. "स्वतःची मान द्यायची वेळ आली की हेच लोक काय करतात, त्यावर माझा एक चॅप्टर आहे. पाठवू?"

त्याने पाठव म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये एका आजारपणात राधिकाच्या दोन्ही किडन्या गेल्या. वय त्रेचाळीस. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर खेपेला चार तास. डाव्या दंडात शिरा जोडून नळ्यांसाठी जागा केली होती. तिथे बोट ठेवलं की आत सतत घरघर लागायची. मंगळवार-गुरुवार ती बसने जायची, शनिवारी मी नेत असे. ट्रॉय ते ॲन आर्बर जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. तिच्यासाठी मी बटाटे दोनदा उकळून पाणी फेकून भाजी करायला शिकले, कारण तिला पोटॅशियम चालत नव्हतं. नारळपाणी नाही, टोमॅटो नाही, दिवसाला मोजून चार कप पाणी. ही सेवा मी मनापासून केली असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे.

तिचं नाव किडनीच्या यादीत लागलं. तिच्या रक्तगटाला चार-पाच वर्षं लागतील, तिथल्या बाईने सांगितलं. जिवंत माणसाने दिली तर मात्र काही महिन्यांत काम होतं. संग्रामचा आणि तिचा गट एकच, बी पॉझिटिव्ह. ते कळल्या दिवसापासून आमच्या सरदारांचं एक पालुपद सुरू झालं, "मी आहे ना!" फोनवर आईला, "मी आहे ना." मंडळात, "मी आहे ना." दात्याचा फॉर्म ऑनलाइन असतो, भरायला वीस मिनिटं लागतात. सात महिन्यांत त्याला वीस मिनिटं सापडली नाहीत. गर्जेल तो पडेल काय!

आणि भाऊबीज आली.

राधिका त्या वर्षी सकाळचं डायलिसिस उरकून, हिरवी रेशमी साडी आणि लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आली होती. चेहरा राखेसारखा झाला होता, पण लिपस्टिक लावली होती. पस्तीस माणसं हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेली. आमची मुलगी अनया फोनवर व्हिडिओ काढत होती. संग्राम गुडघा टेकून बसला. राधिकाने ओवाळलं. मूठ पत्र्यावर आपटली. "माग राधे, काय हवं ते माग. सरदाराचा शब्द!"

तिने तबक खाली ठेवलं. "दादा, तुझी एक किडनी दे."

शिरस्त्राणाची झडप वर होती, त्यामुळे मला त्याचा चेहरा दिसला. मी एकवीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिले आहे. तो हसत होता, आणि हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला. मग गुरुनाथकाकांनी टाळी वाजवली. एकाने वाजवली की सगळे वाजवतात. त्या टाळ्यांच्या मधून आवाज आला, "दिली."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. "ओ माय गॉड, बाबा!" अनया रडत म्हणाली. जेवणं व्हायच्या आत तो व्हिडिओ पुण्याला, नागपूरला, टेक्सासमध्ये अर्विंगच्या आतेभावाकडे, सगळीकडे पोचला होता. दुसऱ्या दिवशी ओळखदेख नसलेली माणसं मला मेसेज करत होती की असा भाऊ सात जन्मांच्या पुण्याईने मिळतो.

मी राधिकाला स्वयंपाकघरात गाठलं. "असं चारचौघांत मागायचं? त्याला एकट्याला विचारायचं होतंस."

"एकट्याला विचारलं तर तो नाही म्हणेल, वहिनी. म्हणजे नाही असं म्हणणार नाही, नुसता बघू म्हणेल." ती एक चकली मोडून तिचे तुकडे ताटलीत इकडेतिकडे करत होती. मिठामुळे तिला खायची नव्हती. "लोकांसमोर मागे फिरायची त्याची हिंमत नाही. तेवढ्यावरच मी पैज लावलीय. तुला राग आला?"

"आला."

"मरणाऱ्या माणसाला मॅनर्स नसतात गं," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतले.

आता सिद्धेशबद्दल सांगायला हवं. हा नागपूरचा, चौतिशीचा, सॉफ्टवेअरमधला, व्हिसावर आलेला, एकटा राहणारा. मंडळात तो माइक आणि स्पीकर जोडायचा, एवढीच त्याची ओळख. त्याने कुणाला न सांगता दिवाळीच्या आधीच राधिकासाठी फॉर्म भरला होता, रक्तही दिलं होतं, आणि ते जुळत होतं. का भरला? मी त्याला नंतर विचारलं तर म्हणाला, "काकू, त्या एकदा मला बसस्टॉपवरून घरी घेऊन गेल्या होत्या, खिचडी खायला घातली होती. बाकी काही नाही." तो भाऊबीजेला आमच्या हॉलमध्ये कोपऱ्यात उभा होता. आनंदाच्या भरात त्याने गुरुनाथकाकांना सांगून टाकलं की आपणही अर्ध्या वाटेपर्यंत आलो आहोत, आपली तपासणी चालू राहिली तर राधिकाताईंना दोन दाते असतील.

काका म्हणाले, "अरे, सख्खा भाऊ उभा असताना परक्याने मध्ये पडायचं नसतं. भावाचा मान असतो तो. दहा लोकांसमोर त्याने शब्द दिलाय, आणि तू मागून आपलं घोडं दामटणार? त्याच्या शब्दावर विश्वास नाही असा अर्थ होतो त्याचा."

सिद्धेश बिचारा वरमला. सोमवारी फोन करून त्याने आपली तपासणी कॅन्सल केली. हॉस्पिटलने त्याला तसं काही सांगितलं नव्हतं. ही चूक फक्त आपली माणसंच करू शकतात. किडनीच्या रांगेतसुद्धा मानपान.

संग्रामने फॉर्म भरला जानेवारीत. आधी दिवाळीचा फराळ खाल्ला म्हणून कोलेस्टेरॉल वाढलं असेल, मग इयर एंड, मग नव्या मॉडेलचं लाँच. फेब्रुवारीत सिद्धेशची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाला नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी शोधावी लागते, नाहीतर देश सोडावा लागतो. त्याला मिळाली नाही. त्याच्या निरोपाला आम्ही सगळे जमलो, संग्रामने त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "काळजी करू नको, राधीचं मी बघतो."

तपासण्या एप्रिलमध्ये झाल्या, दोन दिवस. मी सोबत गेले होते. तिथे दात्याच्या बाजूने बोलणारी एक वेगळी बाई असते. तिचा पेशंटशी काही संबंध नसतो, दात्यावर कुणी जबरदस्ती करत नाही ना, एवढंच ती बघते. ती संग्रामला एकट्याला आत घेऊन गेली. जाताना त्याचे खांदे पडले होते. चाळीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा सरळ चालत होता. गाडीत त्याने रेडिओ लावला आणि गाण्याबरोबर गुणगुणला. मला वाटलं, चला, सरदाराला धीर आला.

आठ दिवसांनी राधिकाला हॉस्पिटलचा फोन आला. तिचा दाता योग्य ठरलेला नाही, कारण सांगता येत नाही.

संग्राम तिच्याकडे गेला, मीही गेले. त्याने तिच्या दारातच गुडघे टेकले आणि तो इतका रडला की शेजारच्या चिनी बाईने दार उघडून पाहिलं. "राधे, मी हरलो गं! माझं शरीर मला दगा देऊन गेलं!" रडता रडता त्याला भोवळ आली. राधिकाने, जिला दिवसाला चार कप पाणी मिळायचं तिने, आपल्या पेल्यातलं पाणी त्याच्या तोंडावर मारलं. आणि म्हणाली, "असू दे दादा, असू दे. तू तरी काय करणार."

आमच्या घरचे इन्शुरन्सचे कागद, पासवर्ड, सगळं मी बघते. घरच बघते ना मी. त्या रविवारी दुपारी मी त्याच्या नावाचे रिपोर्ट उघडले. रक्त उत्तम. लघवी उत्तम. हृदय एखाद्या तिशीच्या माणसाचं. दोन्ही किडन्या सुबक, निरोगी. एकाही ओळीला लाल खूण नव्हती.

तो गॅरेजमध्ये हातमोज्याच्या कड्या जोडत होता. मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. त्याने वाचलं नाही. कड्या जोडत राहिला आणि म्हणाला, "त्या बाईने सांगितलं, तुला नको असेल तर कधीही नाही म्हण, आम्ही पेशंटला फक्त 'योग्य नाही' एवढंच कळवतो. आम्ही कारण कुणालाही सांगत नाही. मृणाल, तिने असं दार उघडून धरलं गं. मी काय करू? मला भीती वाटली."

"तिला सांग."

"काय सांगू? शब्द दिला होता मी." आणि तो पुन्हा रडायला लागला. त्याला रडताना पाहून पहिल्यांदा मला त्या गोगलगाईच्या चित्रातल्या सरदाराची किळस आली.

आणि तरीही लिहिते, कारण एकदा कुठेतरी लिहिलंच पाहिजे. मला बरं वाटलं होतं. त्याच्या पोटावर सुरी फिरणार नाही, अनयाचा बाप धडधाकट राहील, आपलं घर आहे तसं राहील, हे मनात पहिलं आलं. राग नंतर आला, आणि तोही मी गिळला. मी कुणाला काही सांगितलं नाही.

सिद्धेशला मी नागपूरला फोन लावला. एवढं तरी केलं म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. फोन त्याच्या आईने घेतला. त्याचं लग्न ठरलंय, मुलीकडच्यांच्या कानावर हे असलं काही जाऊ देऊ नका, हात जोडते, म्हणाली. मी ठेवून दिला.

जूनमध्ये मंडळाची पिकनिक झाली. गुरुनाथकाकांनी भाषण केलं, की दान देणं देवाच्या हाती असतं पण देण्याची तयारी माणसाच्या हाती असते, आणि संग्रामला शाल आणि श्रीफळ दिलं. प्रयत्न केल्याबद्दल! राधिका पुढच्या खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर शाल, जूनमध्ये. तिने टाळ्या वाजवल्या. उजव्या हाताने डाव्याच्या तळव्यावर, हळू, कारण डावा दंड दुखत होता.

त्या दंडातच जुलैत इन्फेक्शन झालं आणि ते रक्तात गेलं. तिला ॲडमिट केलं. तीन आठवडे झाले तरी ती हॉस्पिटलातच होती. संग्राम दर रविवारी जायचा, दहा मिनिटं बसायचा, डोळे पुसत बाहेर यायचा. बाकीचे दिवस मी. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन उतरतंय, पण असं डायलिसिसवर ती फार काळ काढणार नाही. दाता हाताशी असेल तर अजून करता येईल, सहा-आठ आठवड्यांत.

डॉक्टर गेल्यावर आम्ही दोघीच होतो. मी तिचे धुतलेले गाऊन घडी करून कपाटात ठेवत होते.

"वहिनी, दादाला काही झालेलं नाही ना?" तिने विचारलं. "म्हणजे तपासणीत काही निघालं नव्हतं ना?"

मी घडी घालत राहिले.

"मला त्या दिवशी दारातच कळलं होतं. ज्याला खरंच नाकारतात तो चिडतो गं. डॉक्टरला शिव्या देतो, दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ म्हणतो. तो नुसता रडत होता." तिचा आवाज बारीक झाला होता, पण त्यात राग नव्हता. "चूक माझीच. मला वाटलं, लोकांची लाज त्याला पुरेल. मी आयुष्यभर तेच वाचलं आणि घरी येऊन तेच चुकले."

"बोलू नको जास्त," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडता, हळू आवाजात तिने विचारलं, "वहिनी, तुझा ब्लड ग्रुप कुठला गं?"

माझा ग्रुप ओ पॉझिटिव्ह आहे. अनयाच्या बाळंतपणात मनगटावरच्या पट्टीवर लिहिलेला होता, तेव्हापासून मला पाठ आहे. ओ म्हणजे कुणालाही चालणारा. राधिकाच्या पहिल्या डायलिसिसच्या दिवशी वेटिंग रूममधल्या पत्रकावर मी ते वाचलं होतं, आणि पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं. त्यानंतर सोळा महिने, दर शनिवारी, पन्नास मिनिटं जाताना आणि पन्नास येताना ती माझ्या शेजारी बसलेली असायची आणि मला ते माहीत असायचं. मला बीपी नाही, शुगर नाही, मी रोज तीन मैल चालते. मला कुणी विचारलं नाही. तिनेही नाही, तिच्या भावानेही नाही, मंडळात कुणीही नाही. घर बघणाऱ्या बाईकडे किडनी असते हे कुणाला सुचलं नाही, आणि त्याचा मला जितका राग यायचा तितकाच आधारही वाटायचा.

"माहीत नाही गं," मी म्हणाले. "बघायला हवं."

"बघशील?"

"बघते ना."

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. ती इतकी वर्षं लोकांच्या शब्दांमागे काय असतं तेच शोधत होती, तिला न कळायला काय झालं? मी नजर चुकवली नाही, एवढं मात्र सांगते. संग्रामने चुकवली असती.

"असू दे," ती म्हणाली. "जरा बर्फ दे तोंडात."

मी चमच्याने बर्फाचा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला.

संग्राम भित्रा आहे. त्याला सुरीची भीती वाटली, भूल चढवल्यावर जाग नाही आली तर याची भीती वाटली. मला तसलं काही वाटलं नव्हतं. घरी येताना सिग्नलला थांबल्यावर मी पोटावर, बरगडीच्या खाली, हात ठेवून बघितला आणि स्वतःला सरळ विचारलं. मला द्यायची नव्हती. तिला तर नव्हतीच. इतकंच होतं, त्याला दुसरं कारण नव्हतं, आणि तो फॉर्म मी उघडलासुद्धा नाही.

ती एकोणीस दिवसांनी गेली. अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये संग्राम बेशुद्ध पडला, त्याला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं. मंडळ झाडून आलं होतं. गुरुनाथकाका काठी टेकत माझ्यापाशी आले, डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरी, सख्ख्या बहिणीनेसुद्धा केलं नसतं इतकं तू तिचं केलंस."

मी वाकून त्यांना नमस्कार केला. मग कुणाकुणाला चहा हवाय ते विचारत फिरले.